तारेवरचा फळा



ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फळा आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. घरपट्टी अमुक तारखेच्या आत भरावी, अमक्याची पांढऱ्या कपाळाची म्हैस चुकली आहे, शनिवारी रात्री मारुतीच्या देवळात भजन आहे, अशी त्याची भाषा. फळा कोणी लावला, खडू कोण आणून ठेवतो, याचा विचार कोणी करीत नाही. येणारा येतो, वाचतो, काही लिहायचे असले तर लिहितो नि आपल्या वाटेने जातो. आज मी आपल्याशी अशाच एका फळ्याविषयी बोलणार आहे. फरक एवढाच, की हा फळा टेलिफोनच्या तारेच्या टोकाला, कोणाच्या तरी घरातल्या संगणकात असे. त्याला बुलेटिन बोर्ड म्हणत. म्हणजे नाव इंग्रजी, पण वस्तू आपलीच ओळखीची.

ज्याला आपण इंटरनेट म्हणतो आणि जे आज बांधावर बसलेल्या माणसाच्याही खिशात असते, ते सामान्य माणसाच्या घरात प्रथम शिरले ते या टेलिफोनच्या तारेवरून. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले हसतात. इंटरनेट लावायला नंबर फिरवावा लागे, तो लागला की घरचा फोन अडकून पडे, आणि शेजारच्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला की सगळे तुटे, हे त्यांना खरेच वाटत नाही. त्यांचा काय दोष? पण ही हकीकत सांगून ठेवण्यासारखी आहे, असे मला वाटते. हे जाळे कोठे लवकर पोहोचले आणि कोठे उशिरा, याचे कारण पाहू गेल्यास ते यंत्रापेक्षा तारेच्या भाड्यात जास्त सापडते. माझा मुद्दा एवढाच आहे. मात्र तो मी जरा लांबून सांगणार आहे.

इसवी सन १९७८चा जानेवारी महिना. अमेरिकेतल्या शिकागो शहरी मोठे हिमवादळ झाले. रस्ते बंद, मोटारी बर्फाखाली. वॉर्ड क्रिस्टेनसेन नावाचे एक गृहस्थ घरी अडकून पडले. नोकरी आय.बी.एम. कंपनीत, आणि फावल्या वेळी हाताने जुळवलेल्या लहान संगणकांचा नाद. त्याच नादाचे त्यांचे मित्र म्हणजे रँडी स्यूस. शहरात अशा हौशी लोकांचे एक मंडळ होते. मंडळाच्या बैठकीच्या जागी बुचाचा एक फलक टांगलेला असे, आणि त्यावर टाचणीने चिठ्ठ्या लावलेल्या असत. कोणाला यंत्राचा सुटा भाग विकायचा आहे, कोणाला बैठकीला येण्यासाठी मोटारीत जागा हवी आहे, असल्या चिठ्ठ्या. आता बर्फात बाहेर पडायची सोय नाही, तर हा फलक टेलिफोनवरच का टांगू नये, असे या दोघांच्या मनात आले.

वॉर्डसाहेबांनी आज्ञावली लिहिली, रँडीसाहेबांनी यंत्र जुळवले. काम दोनएक आठवड्यांत झाले. पण इतक्या लवकर झाले म्हटले तर लोकांना पटायचे नाही, म्हणून त्यांनी महिना लागला असे सांगितले! १६ फेब्रुवारी १९७८ रोजी हा फलक उघडला. सीबीबीएस हे त्याचे नाव. यंत्र ठेवले ते रँडी स्यूस यांच्या घरी. का? तर त्यांचे घर शहरात होते, आणि तिथे फोन करणे जास्तीत जास्त लोकांना स्थानिक कॉलच्या भावात पडे. अमेरिकेत त्या काळी बहुतेक ठिकाणी महिन्याचे ठरावीक भाडे भरले की स्थानिक कॉल कितीही करा, कितीही वेळ बोला, वेगळा आकार नसे. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे आपल्याकडच्या गोष्टीत ती लागणार आहे.

तार एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. तो आत आला की बाकीच्यांना फोन गुंतलेला मिळे. तो वाचून, लिहून, फोन ठेवून गेला की पुढचा येई. अशा रीतीने, एकामागून एक, त्या एका फळ्यावर वर्षानुवर्षांत अडीच लाखांवर कॉल आले. आपल्या आडावर बाया पोहऱ्यासाठी पाळी धरून उभ्या राहत, तसलाच हा प्रकार.

आता थोडे यंत्राविषयी. टेलिफोनची तार केली माणसाच्या आवाजासाठी. सेकंदाला साधारण ३०० ते ३,४०० कंपने, एवढ्याच पट्ट्यातला आवाज ती नेते. संगणकाला तर आवाज माहीत नाही. त्याला माहीत दोनच गोष्टी, शून्य आणि एक. मग या दोघांमध्ये एक दुभाषी लागतो. तो म्हणजे मोडेम. तो शून्यासाठी एक शीळ घालतो, एकासाठी दुसरी. त्या पहिल्या काळातल्या मोडेमांत फोन करणाऱ्या बाजूची शीळ १,०७० नि १,२७० कंपनांची, आणि उत्तर देणाऱ्या बाजूची २,०२५ नि २,२२५ कंपनांची असे. म्हणजे एकाने खालच्या पट्टीत गायचे, दुसऱ्याने वरच्या पट्टीत. त्यामुळे दोघे एकदम बोलले तरी कालवाकालव होत नसे.

या मोडेमचा वेग किती? सेकंदाला ३०० शून्ये-एक, म्हणजे सुमारे ३० अक्षरे. आपण वाचतो त्याच सुमारास अक्षरे पडद्यावर उमटत जात. आज मोबाइलवर आपण सहज पाठवतो तो एक फोटो तीस लाख अक्षरांएवढा धरा. त्या वेगाने तो पाठवायला एक लाख सेकंद लागले असते. शिक्षकमंडळींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. उत्तर जवळजवळ अठ्ठावीस तास येते, आणि वर्ग गप्प होतो, हा माझा अनुभव आहे.

पुढे वेग वाढला. चौदा हजार झाला, अठ्ठावीस हजार झाला, १९९८च्या सुमारास छप्पन्न हजारांपर्यंत गेला. त्या काळचे मोडेम जोडणी होताना कर्कश ओरडत. चाळिशी ओलांडलेल्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल. पुष्कळांना वाटे, यंत्र बिघडले. तसे नव्हे. गुरांच्या बाजारात दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, ते आपण पाहिले आहे ना? तशी ती दोन यंत्रे आपसांत सौदा करीत असत. तुला किती वेगाने बोलता येते, मला किती वेगाने ऐकता येते, मधली तार कितपत खराब आहे, हे ती एकमेकांच्या शिट्ट्यांवरून अजमावत. सौदा पटला की आवाज बंद, आणि कामाला सुरुवात.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तारेत खरखर फार. खरखरीत एखादे अक्षर बदलले तर? बातमीत काना-मात्रा चुकला तर चालेल, पण आज्ञावलीत एक अक्षर बदलले की सगळी आज्ञावली निकामी. यावर वॉर्ड क्रिस्टेनसेन यांनी फळ्याच्याही आधी, १९७७ साली, एक युक्ती काढली होती. तिला पुढे एक्समोडेम हे नाव पडले. मजकुराची १२८-१२८ अक्षरांची गाठोडी करायची. संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतोच. गाठोड्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करायची, तिला २५६ने भागायचे, आणि उरलेली बाकी गाठोड्याच्या शेवटी चिठ्ठीसारखी लावून द्यायची. घेणाऱ्याने आपल्या बाजूने पुन्हा बेरीज करायची. बाकी जुळली तर म्हणायचे, "पोहोचले, पुढचे पाठव." नाही जुळली तर, "पुन्हा पाठव." हुंडेकरी पोती उतरून घेताना पावतीशी ताडून पाहतो, त्यातलीच ही तऱ्हा. सातवीच्या मुलांना ती वर्गात खेळून पाहता येते. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर आकडे पाठवायचे, आणि मध्ये एका खट्याळ मुलाला खरखर म्हणून बसवायचे!

ही युक्ती वॉर्ड यांनी विकली नाही. ज्याला पाहिजे त्याने घ्यावी, म्हणून मोकळी सोडली, आणि ती जगभर गेली. रँडी स्यूस डिसेंबर २०१९मध्ये वारले, वॉर्ड क्रिस्टेनसेन ऑक्टोबर २०२४मध्ये. आपल्याकडे या दोन माणसांची नावे फारशी कोणाच्या कानावर नाहीत, याचे मला वाईट वाटते.

फळे वाढले, पण प्रत्येक फळा आपापल्या गावापुरता. शिकागोचा मजकूर शिकागोत. दूरगावच्या फळ्यावर जायचे तर लांबच्या कॉलचे पैसे पडत. यावर तोड काढली ती टॉम जेनिंग्ज नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाने, १९८४ साली. त्यांनी ठरवले, की रात्री कॉलचा दर उतरतो, त्या वेळी फळा तासभर माणसांना बंद ठेवायचा. त्या तासात एका फळ्याच्या यंत्राने दुसऱ्या फळ्याच्या यंत्राला फोन करायचा, साठलेली पत्रे द्यायची, आलेली घ्यायची, आणि फोन ठेवायचा. माणसे झोपलेली, यंत्रे टपाल वाटताहेत! या व्यवस्थेचे नाव फिडोनेट. दहा-अकरा वर्षांत तिच्यात तीस हजारांवर फळे सामील झाले. पत्र एका फळ्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असे मुक्काम करीत जाई. परदेशी पोहोचायला दिवस लागत, पण पोहोचे. आणि लक्षात घ्या, त्या रात्रीच्या कॉलचे बिल बहुधा फळा चालवणारा माणूस आपल्या खिशातून भरी. कोणी पगार देत नव्हते, की सत्कार करीत नव्हते.

आपल्या देशात या गोष्टी दोन वाटांनी आल्या. एक वाट विद्वानांची. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने, संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने, अर्नेट नावाचे जाळे उभारायला घेतले. पाच आय.आय.टी., बंगलोरची विज्ञानसंस्था, मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही त्यातली मंडळी. मुंबईच्या या संस्थेतूनच परदेशाशी दुवा जोडलेला होता, आणि डॉक्टर श्रीनिवासन रमाणी हे तिथले प्रमुख. म्हणजे भारतातल्या प्राध्यापकांची परदेशी जाणारी ई-मेल आपल्या मुंबईच्या वेशीतून बाहेर पडत होती. पण त्या वेशीतून सामान्य माणसाला आत-बाहेर करता येत नसे.

दुसरी वाट हौशी लोकांची. मुंबई, दिल्ली, बंगलोर अशा शहरांतून १९९०च्या आगेमागे थोडे फळे निघाले. बंगलोरला अतुल चिटणीस यांनी सी.आय.एक्स. नावाचा फळा चालवला. चिटणीस २०१३ साली गेले. दळणवळणाच्या या क्षेत्रातल्या आपल्याकडच्या आरंभीच्या माणसांत त्यांचे नाव घ्यावेच लागते.

मुंबईतला असला एक फळा मी लहानपणी पाहिला. १९९३च्या मे महिन्यात सुट्टीला दादरला आत्याकडे गेलो होतो. आतेभाऊ नोकरीला लागलेला; आम्ही त्याला सुधादादा म्हणत असू. त्याने कोठून तरी एक मोडेम मिळवला होता. तो ज्या फळ्यावर जाई तो एका गृहस्थांच्या राहत्या घरी होता, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतच उघडा असे. दिवसा तोच फोन घरच्यांचा. दिवसा कोणी चुकून मोडेमने नंबर लावला की त्या गृहस्थांच्या आई फोन उचलीत, आणि त्यांच्या कानात शीळ बसे. "मेल्यांनो, रात्री या!" असे म्हणून त्या फोन आपटत, ही गोष्ट त्या मंडळींत प्रसिद्ध होती.

दादाची शिस्त मला अजून आठवते. संध्याकाळी जेवणाआधी तो संगणकावर सगळी उत्तरे लिहून ठेवी. पुन्हा वाची, खोडी, आखूड करी. मग दहा वाजले की नंबर लावायला बसे. गुंतलेला, पुन्हा गुंतलेला, पंचवीस वेळा गुंतलेला. लागला की लिहिलेले पाठवायचे, नवे आलेले उतरवून घ्यायचे, आणि फोन ठेवायचा. वाचायचे ते मागाहून, सावकाश. मी विचारले, "दादा, एवढी घाई का?" तो म्हणाला, "अरे, मागे माणसे ताटकळली असतील. आणि मीटर पडतोय तो वेगळाच."

मीटर! आता अमेरिकेची ती गोष्ट आठवा. तिथे महिन्याचे भाडे भरले की स्थानिक कॉल फुकटात जमा. आपल्याकडे प्रत्येक कॉल मोजला जाई, आणि लांब बोललात की आकडा पुढे. शिवाय फोन होता कोणाकडे? १९९५ साली देशात शंभर माणसांमागे जेमतेम एक फोन, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची. कित्येक घरी मुलगी सासरी गेल्यावर तिच्या जन्माच्या सुमारास मागितलेला फोन आला, अशी थट्टा चाले. आपल्याकडे बुद्धी कमी नव्हती. सी-डॉट या आपल्याच संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज बनवले, आणि त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकात कित्तूर गावी बसवले. धुळीत, उन्हात, वातानुकूलनाशिवाय चालणारे ते यंत्र होते. पण यंत्र आले तरी गावातून शहराला लागलेला कॉल एस.टी.डी.च राहिला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आरंभ मोठ्या शहरांतून. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त, पण दर ऐका. चित्रांसकट सगळे पाहता येईल असे २५० तासांचे खाते पंधरा हजार रुपयांना. नुसती अक्षरे दिसणारे खाते पाच हजारांना. विद्यार्थ्यांसाठी म्हणून ५०० रुपयांचे अक्षरी खाते होते, ही त्यातल्या त्यात सोय. आणि हे झाले फक्त खात्याचे. फोनचा मीटर निराळा. आता सातारा किंवा परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने हे ५०० रुपयांचे खाते घेतले असते, तरी त्याला नंबर मुंबई-पुण्याचाच लावावा लागता. एस.टी.डी.ने! अंतर जितके लांब तितका मीटर भरभर पळणार. म्हणजे शहरातल्या मुलाला तास जितक्याला पडे, तितक्यात खेड्यातल्या मुलाला मोजकी मिनिटे. ज्याच्याजवळ पुस्तकालय नाही, प्रयोगशाळा नाही, त्यालाच तार सर्वांत महाग. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. दर अंतराने ठरत होता, आणि अंतर आपल्या वाट्याला आलेले होते. पण परिणाम व्हायचा तोच झाला.

१९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळाले, हळूहळू जिल्ह्याच्या गावी स्थानिक नंबर आले, आणि मग आमच्याकडेही गंमत सुरू झाली. ती आणली मात्र कॉलेजाने नव्हे, कचेरीनेही नव्हे. ती आणली पिवळ्या पाटीवाल्या एस.टी.डी. बूथने.

ते बूथ आठवतात ना? काचेची खोली, आत लाल आकड्यांचा मीटर, बाहेर बाकावर पाळी धरून बसलेली माणसे. रात्री उशिरा दर पाव होई, तेव्हा गर्दी. आमच्या तालुक्याच्या गावच्या बूथवाल्या काकांनी १९९९ साली कर्ज काढून संगणक घेतला, मोडेम घेतला, आणि पाटीवर एक ओळ वाढवली: "ई-मेल करून मिळेल." ज्यांची मुले आखातात नि अमेरिकेत होती ती माणसे येऊ लागली. मजकूर सांगायचा, काका टंकून ठेवणार, रात्री एकदाच नंबर लावून सगळ्यांची पत्रे एकदम धाडणार, आलेली छापून घेणार. फिडोनेटचे नावही त्यांनी ऐकले नसावे. पण तार महाग असली की शहाणा माणूस त्याच युक्तीला येतो.

अडचण होती ती लिपीची. त्या संगणकावर आलेले देवनागरी दिसत नसे. मराठी लिहायची ती रोमन अक्षरांत. आणि रोमन अक्षरांत आपल्या 'ट' आणि 'त'ला अक्षर एकच, 'ण' आणि 'न'ला एकच, 'ळ' आणि 'ल'ला एकच. एका मावशींचा मुलगा मस्कतला होता. त्याच्या खोलीवर गावाकडचाच एक मित्र राहायला येणार होता. मुलाने कळवले, की तो काल आला. काकांना चष्मा लागलेला, घाईत त्यांनी वाचले, "काळ आला." पुढे, "आता काळजी नाही." मावशी बाकावर मटकन बसल्या. मी तिथे पत्र टंकायला मदत करीत असे. मी कागद घेतला आणि वाचून दाखवला, "मावशी, काल, काल आला. सोबतीला माणूस आला म्हणतोय." त्या म्हणाल्या, "मेल्याला धड मराठीत लिहायला काय झालं!" त्यांना कसे सांगणार, की त्याच्या यंत्रात मराठी नव्हतीच.

परदेशातल्या मराठी मंडळींनी मात्र या अडचणीशी नेटाने झुंज दिली. १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच यूझनेट नावाच्या जागतिक वार्ताफलकावर मराठी माणसांचा एक स्वतंत्र कोपरा झाला होता. तिथे पुरणपोळीपासून राजकारणापर्यंत वादावादी चाले, रोमन अक्षरांत. अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स नावाची एक पद्धत केली. लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांचा भेद वापरून 'त'-'ट', 'न'-'ण' वेगळे लिहायचे, आणि आज्ञावलीने त्याची शुद्ध देवनागरी छापून द्यायची. पुढे युनिकोड रुळले, यंत्रे देवनागरी दाखवू लागली, आणि हा खटाटोप मागे पडला. आज आपण मोबाइलवर सहज 'ळ' उमटवतो, त्याच्यामागे या लोकांची चिकाटी आहे.

आता खेड्याचे म्हणून जे एक काम झाले त्याकडे वळतो. कोल्हापूर जिल्ह्यातले वारणानगर आपल्याला ठाऊक आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभे केलेले सहकाराचे ते केंद्र. तिथे १९९८ साली केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प घेतला. गावोगाव संगणकाची केंद्रे झाली. बोलबाला पुष्कळ झाला. शेतीची माहिती येईल, बाजारभाव येतील, जगाची दारे उघडतील, असे बोलले गेले. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रावर येई तो बहुतेक एकाच कामाला. माझ्या उसाचे वजन किती भरले? तोड कधी येणार? खताची बाकी किती? बिल निघाले का?

काही विद्वानांनी यावर नाके मुरडली. मला तसे वाटत नाही. पूर्वी वजन कळण्यासाठी कारखान्यावर खेटा घालावा लागे, नाहीतर स्लिपबॉयच्या तोंडाकडे पाहावे लागे. वर्षभर राबून झालेल्या उसाचा तो आकडा आहे. तो आपल्या गावात, आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळणे ही थोडी गोष्ट नव्हे. आठ-नऊ वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधकांनी तिथे पाहणी केली. त्यांना दिसले, की शेतकऱ्याला हवे तेवढे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होण्यासारखे आहे. संगणक महाग, त्याची देखभाल महाग. तेव्हा सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी मोबाइल ठेवून पाहिले. शेतकऱ्याने निरोप पाठवायचा, कारखान्यावरच्या यंत्राने आकडा उलट पाठवायचा. दीडशे अक्षरांच्या आत सगळा व्यवहार. शिकागोच्या फळ्यावरचे लोक जसे मोजके लिहीत, तसे. आणि ते पत्करले गेले, कारण ते स्वस्त होते.

तारेचा तो काळ आता जवळजवळ सरला. आपल्याकडची सरकारी तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. विदेश संचार निगमचे खासगीकरण २००२ साली झाले आणि नावही पुढे बदलले. अमेरिकेतल्या एओएल कंपनीने नंबर फिरवून इंटरनेट देण्याची आपली जुनी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी थांबवली. काही हौशी लोक जुने फळे अजून चालवतात, पण बहुतेक इंटरनेटवरून. टेलिफोनची घंटा तिथे क्वचितच वाजते.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. इतिहास-भूगोलाच्या प्रकल्पासाठी मुलांना दरवर्षी किल्ले नि नद्या देतोच. एक वर्ष हे द्या. गावात पहिला टेलिफोन कोणाकडे आला नि किती वर्षांनी आला? एक्स्चेंज कोठे होते, लाइनमन कोण होते? पहिला संगणक कोणी घेतला, कशाला घेतला, कर्ज किती काढले? परगावी गेलेल्या मुलाचा पहिला ई-मेल कोणत्या घरी आला आणि तो कोणी वाचून दाखवला? बूथ चालवणारी माणसे अजून गावात आहेत. कोणी आता मोबाइलचे रिचार्ज विकतात, कोणी झेरॉक्स काढून देतात. आमच्या काकांनी रोजच्या कॉलच्या वह्या माळ्यावर टाकल्या आहेत. परवा मी गेलो तेव्हा दोन वह्यांना वाळवी लागली होती. उरलेल्या अकरा मी उतरवून घेतल्या आहेत.